परसबागेत उघड्या मुळांच्या फळझाडांची लावणी

न्हाणीचे पाणी जाते तेथे केळीचे बेट, कडेला अळू, कुंपणाला शेवगा आणि उरलेल्या जागेत एखादे पेरूचे वा डाळिंबाचे झाड, असे परसूचे जे चित्र महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत दिसते, त्यात फळझाडाची निवड व लावणी या दोन गोष्टी सर्वांत कमी विचाराने केलेल्या आढळतात. बाजाराच्या दिवशी रोपे विकणारा दिसला, मनात आले, रोप घेतले आणि घरी आल्यावर कुदळीचे चार घाव घालून ते जमिनीत बसविले, एवढ्यावरच हे काम आटोपते. पिशवीत वाढलेले रोप पुष्कळदा एवढ्यावरही निभावून जाते. परंतु मुळांना मातीचा कण न राहिलेली, जुडी बांधून आलेली रोपे अशा हेळसांडीला टिकत नाहीत. लावल्यावर आठपंधरा दिवस त्यांच्या काड्या हिरव्या दिसतात, एखाददुसरा डोळाही फुटतो, आणि मग सारे रोप वरून खाली वाळत येते. घरधनी रोपवाटिकेला दोष देतो, रोपवाटिकावाला जमिनीला दोष देतो. वस्तुतः रोप बहुधा त्याआधीच, वाटेत केव्हातरी मेलेले असते.

उघड्या मुळांच्या रोपाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावले आहे. वाफ्यातून उपटल्यापासून खड्ड्यात बसेपर्यंत त्याची मुळे सुकता कामा नयेत. खड्डा, खत, पाणी, छाटणी यांना महत्त्व आहेच, परंतु त्यांतील चूक मागाहून थोडीफार सुधारता येते. सुकलेले मूळ मात्र पाण्यात कितीही भिजविले तरी पुन्हा जिवंत होत नाही.

कोणती झाडे उघड्या मुळांनी लावता येतात

वर्षातून एकदा सर्व पाने गाळून विश्रांती घेणारी झाडे अशा रीतीने हलविता येतात. अंजीर, द्राक्ष, तुती, डाळिंब ही आपल्याकडील झाडे, आणि थंड प्रदेशातील सफरचंद, नासपती, पीच, आलुबुखार ही सर्व या वर्गात मोडतात. पाने नसतात त्या काळात झाडाला बाहेरून पाणी फारसे लागत नाही. पुढच्या पालवीसाठी लागणारे अन्न त्याने खोडात व जाड मुळांत साठवून ठेवलेले असते. अशा वेळी रोप उपटले असता त्याची बारीक मुळे तुटतात खरी, पण वरून पाणी मागणारी पानेच नसल्यामुळे नवी मुळे फुटेपर्यंत ते तग धरते.

आंबा, चिकू, संत्रे, मोसंबी, लिंबू, फणस यांची गोष्ट निराळी आहे. ही झाडे बारमाही हिरवी असतात. त्यांची पाने रोज पाणी उडवीत असतात आणि ते पाणी पुरविणारी केशमुळे उपटताना मातीबरोबर तुटून जातात. खर्च चालू आणि जमा बंद, अशी स्थिती होते. म्हणून ही कलमे मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीसह, हुंडी फुटू न देता लावण्याचा प्रघात आहे, आणि घरच्या लावणीत तो मोडू नये. स्वस्त मिळते म्हणून लिंबाचे रोप उघड्या मुळांनी आणणाऱ्याने त्याची बरीचशी पाने काढून टाकावी लागतात, सावली करावी लागते, आणि एवढे करूनही यशाची खात्री नसते. केळीचा मुनवा हा तसा उघड्या मुळांनीच लावला जातो, परंतु त्याचा कंद म्हणजे अन्नपाण्याचे भरलेले कोठारच असल्याने त्याच्याबाबत एवढी काळजी बाळगण्याचे कारण पडत नाही.

मूळ डोळ्यांनी दिसते

आता प्लॅस्टिकच्या पिशवीतील रोपे जागोजाग मिळत असताना उघड्या मुळांचे रोप घ्यावे कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याला उत्तर आहे. पिशवीतील रोपाचे खोड व पाने दिसतात, मूळ दिसत नाही. रोप पिशवीत फार दिवस राहिले की मुळे तळाशी जाऊन गोल गोल वेटोळी घालतात. अशा रोपाला जमिनीत लावले तरी पुष्कळदा ती वेटोळी सुटत नाहीत, आणि चारपाच वर्षांनी चांगले वाढलेले झाड वाऱ्याने कलते किंवा विनाकारण खुरटते, तेव्हा त्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट सूत्रकृमींची. डाळिंब व अंजीर या दोन्ही झाडांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी पडतात. हे सूक्ष्म जीव मुळांत राहतात, मातीबरोबर गावोगाव जातात आणि एकदा परसात शिरले की निघता निघत नाहीत. पिशवीतील माती त्यांचे वाहन होऊ शकते. उघड्या मुळांच्या रोपाची मुळे धुतलेली असतात. त्यांवर लहानमोठ्या गाठी असतील तर त्या विकत घेण्यापूर्वीच दिसतात व रोप नाकारता येते. परदेशांतून भारतात रोपे आणताना त्यांबरोबर माती आणण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामागेही मातीतून येणाऱ्या रोगकिडींची हीच भीती आहे. शिवाय हुंडीचे वजन नसल्यामुळे वाहतूक स्वस्त पडते. एका पोत्यात पन्नास रोपांची जुडी सहज मावते.

रोप घेताना मुळे नीट पाहावीत. मुख्य मुळे तीनचार असावीत व ती चोहोबाजूंना पसरलेली असावीत. एकाच बाजूला वळलेली मुळे असलेले रोप पुढे कलते. नखाने मुळाची साल किंचित खरवडली असता आत पांढरट, ओलसर गर दिसला पाहिजे. तो तपकिरी व कोरडा दिसला तर ते रोप फुकट मिळाले तरी घेऊ नये. उंचीवर भाळू नये. पुरुषभर उंच आणि मुळांनी दुबळ्या रोपापेक्षा दोन हात उंचीचे, करंगळीएवढ्या जाडीचे व भरपूर मुळांचे रोप केव्हाही श्रेष्ठ होय. डाळिंबाचे रोप घेताना तेल्या रोग पडलेल्या भागातून ते आलेले नाही एवढी चौकशी अवश्य करावी, कारण तो रोग लागण झालेल्या काडीबरोबर येतो.

अंजिराचे उदाहरण

परसबागेत उघड्या मुळांनी लावण्यास अंजिरासारखे दुसरे सोयीचे झाड महाराष्ट्राच्या पठारी भागात क्वचितच असेल. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका अंजिरासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे व तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच तालुक्यात जाधववाडी येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ यांवरील संशोधन केंद्र आहे. पूना अंजीर ही जात तेथील मळ्यांत रुळलेली आहे. हिची फुले परागसिंचनावाचून फळ धरतात. म्हणून परसात एकटे झाड असले तरी ते फळते, जोडीला दुसरे लावावे लागत नाही. लहान परसाच्या दृष्टीने ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

अंजिराची रोपे घरीही करता येतात, आणि ज्यांच्या शेजाऱ्याकडे चांगले झाड आहे त्यांनी ती विकत घेण्याचे कारण नाही. छाटणीच्या वेळी साधारण आठ ते बारा महिने वयाची, पक्व झालेली, पेन्सिलीएवढी वा थोडी जाड काडी निवडावी. तिचे वीतभर लांबीचे, चारसहा डोळे असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली सरळ व वरचा काप डोळ्यापासून बोटभर वर तिरपा घ्यावा. त्यामुळे काडी उलटी लावली जाण्याची चूक होत नाही. ही चूक मुले मदतीला असली म्हणजे हमखास होते! निचऱ्याच्या गादीवाफ्यावर, वाळू व कुजलेले खत मिसळलेल्या मातीत काडीचा दोनतृतीयांश भाग जमिनीत जाईल अशी ती थोडी तिरपी लावावी आणि वाफा ओलसर ठेवावा, भिजट ठेवू नये. सहा महिन्यांपासून वर्षभरात लावण्याजोगे मुळांचे रोप तयार होते. फळ कसे आहे हे ठाऊक असलेल्या झाडाचीच काडी घ्यावी, कारण रोप हुबेहूब आईच्या गुणांवर जाते. तांबेऱ्याने दरवर्षी पाने गाळणारे किंवा पानांवर पिवळसर चट्टे पडून आकसलेले झाड असेल तर त्याची काडी घेऊ नये.

केव्हा लावावे

याबाबत दोन हंगाम संभवतात. पावसाळा सुरू होऊन जमीन चांगली भिजली की जून-जुलैमध्ये लावावे, हा कोरडवाहू भागातील जुना प्रघात आहे, आणि जेथे हाताशी पाणी नाही तेथे तोच योग्य. मात्र त्या वेळी रोपावर पाने असतात. ती उपटण्यापूर्वीच देठाचा थोडा भाग ठेवून कापून टाकावीत व ढगाळ दिवशी, दिवस कलल्यावर लावणी करावी. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा रोप पाने गाळून स्वस्थ असते, हवा थंड असल्याने वरचे डोळे लवकर हलत नाहीत आणि मुळांना जम बसविण्यास अवकाश मिळतो. उन्हाळा पुढे असतो म्हणून शेतात ही लावणी धोक्याची ठरते, परंतु परसात घागरभर पाणी रोज कोठे ना कोठे सांडतच असते. ज्या घरात पाण्याची एवढी सोय आहे तेथे थंडीतील लावणी पावसाळ्यापेक्षा उजवी ठरावी. हे पाणी बहुधा घरातील बायकांच्याच हातून झाडाला मिळते. तेव्हा झाड कोठे लावावयाचे हे त्यांना विचारून ठरविणे शहाणपणाचे. पाण्याच्या वाटेपासून दूर, कोपऱ्यात लावलेले झाड मार्चअखेर विसरले जाते.

वाटेतील काळजी

रोप उपटताना हिसका देऊन ओढू नये. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे, रोपापासून वीतभर अंतरावर चोहोबाजूंनी कुदळीने माती सैल करावी व मग मुळे जितकी लांब मिळतील तितकी घेऊन रोप उचलावे. ठेचलेली व फाटलेली टोके धारदार चाकूने साफ करावीत. निरोगी मुळे केवळ खड्ड्यात मावत नाहीत म्हणून कापणे मात्र चूक आहे. मुळांसाठी खड्डा मोठा करावा.

उपटल्याबरोबर मुळे माती, थोडे ताजे शेण व पाणी यांच्या काल्यात बुडवून काढावीत. काला ताकापेक्षा दाट व पिठल्यापेक्षा पातळ असावा. हा लेप मुळांवर बसला म्हणजे वारा त्यांना थेट लागत नाही. त्यावर ओला पालापाचोळा वा भिजविलेले लाकडाचे भुसकट घालून सर्व जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळावी आणि मुळांकडील भागावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा. वरचा भाग मोकळा राहू द्यावा. सर्वच रोपे कागदात बंद केली तर आत उष्मा होऊन डोळे कुजतात.

कित्येकदा जुडी बसच्या टपावर, ट्रॅक्टरच्या मागे किंवा मोटारसायकलीच्या बाजूला उघडी बांधून आणलेली दिसते. धावत्या वाहनाचा वारा उन्हापेक्षाही घातक होय. दोन तासांच्या प्रवासात उघडी केशमुळे पूर्ण वाळतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक कळत नाही, कारण काडी हिरवीच असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाटपाची रोपे तालुक्याच्या गावाहून आणताना एवढे एक जरी पाळले, तरी लाभार्थ्यांच्या परसात ती जगण्याचे प्रमाण बरेच सुधारेल. वाटपाच्या ठिकाणी रोपे चावडीसमोर उन्हात मांडून नावे पुकारण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. जुडी सावलीत ओल्या गोणपाटाखाली असावी व ज्याचे नाव पुकारले त्याचेच रोप बाहेर काढावे.

घरी आल्यावर खड्डा तयार असेल तर मुळे दोनतीन तास स्वच्छ पाण्यात ठेवून रोप लगेच लावावे. फार तर एक रात्र ती पाण्यात राहिली तरी चालेल. बादलीत चारचार दिवस रोप उभे करून ठेवणे ही मात्र समजूतदार माणसांकडूनही घडणारी चूक आहे. मुळांनाही श्वास लागतो, साठलेल्या पाण्यात तो न मिळाल्याने ती गुदमरून काळी पडतात. लावणीस विलंब होणारच असेल तर झाडाच्या अगर भिंतीच्या सावलीत हातभर खोल चर काढावा, त्यात रोपे तिरपी मांडावीत, मुळांवर भुसभुशीत माती टाकून हाताने दाबावी व पाणी शिंपडावे. अशा रीतीने पुरून ठेवलेली विश्रांतीतील रोपे दोन आठवडे सहज राहतात.

खड्डा व लावणी

अंजिराची मुळे दूरवर व जोराने पसरतात, म्हणून घराची भिंत, आड व शोषखड्डा यांपासून निदान चार मीटर अंतर सोडावे. जागा दिवसभर उन्हाची हवी. खड्डा लावणीपूर्वी महिनाभर आधी, ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खणावा आणि उन्हात तापू द्यावा. वरच्या थराची माती एका बाजूस व तळची माती दुसऱ्या बाजूस टाकावी. भरताना वरची माती, दोनतीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत व अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड एकत्र करून खड्डा भरावा. अर्धवट कुजलेले शेण घातल्यास वाळवीला आमंत्रण मिळते व मुळेही भाजतात. रासायनिक खत लावणीच्या वेळी मुळीच घालू नये. नवी मुळे फुटली नसताना त्याचा उपयोग नाही, अपाय मात्र होतो.

भारी काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे पाणी साठविणारे टाकेच बनते. तेथे खड्ड्यात मातीबरोबर मुरूम व जाड वाळू मिसळावी आणि झाड सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेल्या ओट्यावर लावावे. अंजीर व डाळिंब थोडी चुनखडी सहन करतात, साठलेले पाणी सहन करीत नाहीत.

भरलेल्या खड्ड्याच्या मध्यभागी, मुळे मावतील एवढी माती बाजूला करून तळाशी मातीचा लहानसा शंकू करावा. त्यावर रोप ठेवून मुळे सर्व बाजूंनी शंकूवरून खाली उतरतील अशी पसरावीत. हे काम दोघांनी करावे. एकाने रोप धरावे, दुसऱ्याने माती लोटावी. रोप वाफ्यात जेवढे खोल होते तेवढेच खोल बसवावे. खोडाच्या सालीवर मातीची जुनी खूण दिसते, तीच रेषा जमिनीशी आली पाहिजे. कलमी रोप असेल तर कलमाचा सांधा जमिनीपासून चारसहा बोटे वर राहिला पाहिजे. तो मातीखाली गेला तर वरच्या कलमालाच मुळे फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो.

माती घालताना रोप हलकेच वरखाली हलवावे, म्हणजे माती मुळांच्या बेचक्यांत शिरते. पोकळी राहिली की त्या ठिकाणचे मूळ कोरडे पडते. निम्मी माती झाल्यावर पायाच्या टाचेने न दाबता चवड्याने हलके दाबावे, एक बादली पाणी ओतावे, ते जिरू द्यावे, मग उरलेली माती घालून पुन्हा एक बादली द्यावी. माती बसविण्याचे खरे काम पाय करीत नाहीत, पाणी करते. भोवती आळे करून त्यावर गव्हाचा भुसा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला यांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ते खोडाला चिकटू देऊ नये. वाऱ्याच्या दिशेकडे काठी रोवून रोप सैल गाठीने बांधावे.

यानंतरची पायरी बहुतेकांच्या जिवावर येते. लावलेले रोप जमिनीपासून दोन हातांच्या आसपास, एका जोमदार डोळ्याच्या वर छाटावे. विकत घेतलेल्या उंचीचा निम्मा भाग कापून टाकणे कोणालाच रुचत नाही. परंतु उपटताना मुळांचा मोठा भाग मागे राहिलेला असतो, आणि उरलेल्या मुळांना सारे शेंडे पोसणे शक्य नसते. न छाटलेले रोप पुष्कळदा शेंड्याकडून वाळत येऊन शेवटी तेवढ्याच उंचीवर थांबते. छाटलेल्या टोकाला व खोडाच्या खालच्या भागाला बोर्डो मलम लावावे. एकदोन झाडांपुरते मलम करावयाचे तर १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात निरनिराळे विरघळवावेत व मग एकत्र करावेत. भांडे मातीचे वा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये.

हिमाचलहून येणारी सफरचंदाची रोपे

अलीकडच्या काही वर्षांत थंडीच्या दिवसांत उघड्या मुळांची सफरचंदाची रोपे हिमाचल प्रदेशातून महाराष्ट्रात येऊ लागली आहेत. त्यांविषयी गावकरी उत्सुकतेने विचारतात. कुलूच्या खोऱ्यात कॅप्टन आर. सी. स्कॉट याने १८७० मध्ये लावलेल्या बागेपासून आणि पुढे कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या डेलिशस जातीपासून तेथील सफरचंदाचा व्यवसाय वाढला. त्या जातींना डोळे फुटण्यापूर्वी सात अंशांहून कमी तापमानाचे सुमारे हजार तास वा अधिक लागतात. आपल्या पठारावर एवढी थंडी कोठेच नसते.

हे बंधन काही जातींना नाही. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये बाजारातून आणलेल्या सफरचंदांच्या बिया घराच्या परसात टाकल्या होत्या. पुढील वर्षी त्यांतून एक रोप उगवले. सुमारे १,८०० फूट उंचीच्या त्या उष्ण गावात ते वाढले व २००१ मध्ये फळलेही. त्याच झाडाची कलमे करून त्यांनी जी जात वाढविली ती एचआरएमएन-९९ या नावाने ओळखली जाते. या कार्याबद्दल त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. इस्राएलमध्ये तयार झालेली ॲना व बहामा बेटांत सापडलेली डॉर्सेट गोल्डन या जातींनाही थंडी कमी लागते. ॲनाला परागासाठी जोडीदार लागतो व ते काम डॉर्सेट गोल्डन करते.

परसात हौसेने एखादे झाड लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र शेजारच्या तालुक्यात कोणाकडे फळ आले, हे ऐकून एकदम एकरभर लावणी करण्याची घाई करू नये. फळाचा रंग, टिकाऊपणा व बाजारातील किंमत यांचा अनुभव आपल्या भागात अजून थोडा आहे. या रोपांचा प्रवासही लांबचा असतो. चारपाच दिवस पेटीत राहिलेली मुळे उघडताक्षणी पाहावीत, सालीखाली ओल असेल तरच रोप स्वीकारावे, आणि डोळे फुगून हिरवे होण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी अखेरपर्यंत ते जमिनीत गेले पाहिजे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पालवी फुटलेल्या स्थितीत आलेली रोपे घेऊ नयेत. डोळे आधी फुटले व मुळे मागाहून, तर साठविलेले अन्न पालवीतच संपून जाते.

पहिली दोन वर्षे

थंडीत लावलेल्या रोपाला पहिला महिना चौथ्या-पाचव्या दिवशी बादलीभर पाणी पुरते. ऊन वाढेल तसे अंतर कमी करावे. परंतु आच्छादनाखाली बोट घालून माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. भांडी विसळलेले पाणी चालते. साबण, सोडा व कपड्यांची पावडर असलेले पाणी रोजच्या रोज एकाच आळ्यात सोडू नये. सफरचंद तर ते मुळीच सहन करीत नाही.

महिना-दीड महिना झाला तरी डोळे हलत नाहीत म्हणून रोप उपटून मुळे फुटली की नाही हे पाहण्याचा मोह होतो. तसे केल्यास नुकती फुटलेली मुळे तुटतात. त्याऐवजी खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा थर असेल तर रोप जिवंत आहे, वाट पाहावी. शेंड्याकडे तपकिरी व खाली हिरवे असेल तर हिरव्यापर्यंत छाटून टाकावे. मार्चपासून मेअखेर पश्चिमेकडून तुराट्यांची किंवा बारदानाची सावली करावी व शेळ्यांपासून काटेरी कुंपण घालावे. शेळी पाने खाते एवढेच नसून खोडाची सालही सोलते.

पहिल्या वर्षी अंजिराला दोनचार फळे धरतील ती लहान असतानाच तोडून टाकावीत. तोडताना निघणारा पांढरा चीक अंगाला लागला तर आग होते व डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून हे काम मुलांकडे देऊ नये. निरनिराळ्या दिशांना गेलेल्या तीनचार फांद्या ठेवून बाकीच्या काढाव्यात. जमिनीलगत फुटणारे फुटवे वेळोवेळी खुडावेत. खरे उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. तोपर्यंत शेतकरी बंधूंनी बहाराचा विचार मनात आणू नये. पुढे पावसाळी दमट हवेतील खट्टा बहार घ्यावा की कोरड्या हवेत पिकणारा मीठा बहार, हे पाण्याच्या सोयीवर ठरते. घरी खाण्यासाठी मीठा बहारच चांगला. फळ पिकू लागताच पाखरे येतात. लहान झाडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला तरी पुष्कळ फळ वाचते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोडावर भुश्यासारखा चुरा साठलेला दिसला तर तो खोडकिडा समजावा. भोकात बारीक तार घालून अळी मारावी, कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून आत सारावा व भोक ओल्या मातीने लिंपून टाकावे.